मागे राहणाऱ्यांसाठी चार शब्द रेकॉर्ड करून ठेवायचे आहेत. कोणी केलंय का?

संध्यामठ_कट्टा
नमस्कार मंडळी. वय ६४, निवृत्त हायस्कूल शिक्षक, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर. बायपास झाली आहे, पण तब्येत चांगली आहे, रोज रंकाळ्याला चालायला जातो. म्हणजे घाई काही नाही. तरी हल्ली सारखं वाटतं की आपल्या माणसांसाठी आपल्या आवाजात काहीतरी बोलून ठेवावं. पत्नी, पुण्याला असलेली मुलगी, जर्मनीत असलेला मुलगा आणि सात वर्षांची नात. नातीला मी कितपत आठवेन कोण जाणे, म्हणून तिच्यासाठी तर नक्कीच.

घरी विषय काढला तर "तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नका" म्हणून सौ. उठून आत गेल्या. त्यामुळे इथे विचारतोय. व्हिडिओ करावा की नुसता आवाज? सगळ्यांसाठी मिळून एक की प्रत्येकाला वेगळा? काय बोलावं, काय टाळावं? आत्ताच ऐकवावा की मागे ठेवून जावा? ज्यांनी स्वतः केलंय, किंवा ज्यांच्यासाठी कोणी असं ठेवून गेलंय, त्यांनी जरूर लिहा. ज्यांना हे अशुभ वाटतं त्यांनीही मोकळेपणानं लिहावं. मला सौ.ची बाजूही समजून घ्यायची आहे.

गल्लीतला_पैलवान
सर, शंभरी गाठा आधी. पण इचार लै भारी हाय. आमच्या आज्जानं खासबागेत मारलेल्या कुस्त्या अख्ख्या गल्लीला पाठ, पण त्याचा आवाज कसा होता ते सांगायला आता घरात कोण ऱ्हायलं नाही. फोटो हाय, गदा हाय, आवाज नाही. करा तुम्ही.

पंचगंगाकाठ
आमचं घर चिखलीला. वडिलांनी १९९०च्या सुमारास टेपरेकॉर्डरवर स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. शेतीच्या गोष्टी, आमच्या आजोबांच्या गोष्टी, मध्येच एखादा अभंग. दोन कॅसेट होत्या. ऑगस्ट २०१९च्या पुरात चिखली-आंबेवाडीचं काय झालं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. जनावरं आणि माणसं बाहेर काढण्यातच सगळं गेलं, ट्रंक पाण्याखाली राहिली.

पाणी उतरल्यावर कॅसेट चिखलात सापडल्या. एका ओळखीच्या माणसानं खोकं उघडून फीत स्वच्छ पाण्यात धुतली, पंख्याच्या हवेत वाळवली, ऊन अजिबात दाखवलं नाही आणि नव्या खोक्यात गुंडाळून दिली. एक कॅसेट वाजली, दुसरी नाही. वाजली तिच्यात अण्णा आईला हाक मारून "गुळाचं काय झालं?" असं विचारतात. मुद्दाम बोललेल्या सगळ्या भागापेक्षा ती हाक ऐकताना आई जास्त रडली.

सर, तुम्ही काहीही केलंत तरी एक प्रत कोल्हापूरच्या बाहेर ठेवा. आमच्याकडे नदी घरात येते.

सूनबाई_शिवाजी_पेठ
वरची गुळाची हाक वाचून लिहायला बसले. आमच्या आजेसासूबाईंना "आज्जी, आमच्यासाठी चार शब्द बोला" म्हटलं तर त्या पदर तोंडाला लावून बसायच्या. एक शब्द नाही. मग एकदा मी वर्षाची चटणी करायला घेतली, फोन फळीवर ठेवला आणि विचारलं, "आज्जी, सात किलो मिरचीला खोबरं किती?" झालं! तास कसा गेला कळलं नाही. चटणीवरून त्यांच्या माहेरचं डंक (मिरची-मसाला कांडायचं यंत्र), तिथून दुष्काळ, तिथून त्यांची थोरली बहीण, जी आम्ही कोणी पाहिलीच नव्हती. शेवटी "मी जातो आता, कंटाळा आला" म्हणून त्या उठल्या तेही त्यात आलंय. आमच्या आज्जी अस्सल पेठेतल्या, "मी जातो"च म्हणायच्या. नाशिकची जाऊ ऐकते तेव्हा हसते आणि लगेच डोळे पुसते.

सर, कॅमेऱ्यासमोर ताठ बसून निरोपाचं भाषण करू नका. तुम्ही शिक्षक आहात म्हणून मुद्दाम सांगते. समोर कोणालातरी बसवा आणि त्याला प्रश्न विचारू द्या.

शुश्रूषा
मी परिचारिका आहे. बरीच वर्षं कॅन्सरच्या आणि शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसोबत काम करते. सूनबाई म्हणतात ती प्रश्नांची वाट अगदी बरोबर आहे आणि तिच्यावर अभ्यासही झालाय. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांनी 'डिग्निटी थेरपी' नावाची पद्धत बसवली. रुग्णासमोर बसून ठरावीक प्रश्न विचारायचे, उत्तरं रेकॉर्ड करायची, ती लिहून काढायची, रुग्णाला वाचून दाखवायची, त्याला हवे ते बदल करायचे आणि मग तो मजकूर घरच्यांच्या हाती द्यायचा. २००५ साली त्यांचा १०० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ९१ टक्के रुग्णांनी समाधान व्यक्त केलं आणि ७६ टक्के म्हणाले की आपला मान वाढल्यासारखा वाटला. म्हणजे याचा उपयोग फक्त मागे राहणाऱ्यांना होतो असं नाही, बोलणाऱ्यालाही होतो.

"वाचून दाखवायची, बदल करू द्यायचे" ही पायरी आपल्याकडे कोणी करत नाही, पण ती फार महत्त्वाची आहे. भावनेच्या भरात माणूस एखाद्याबद्दल असं काही बोलून जातो, की दुसऱ्या दिवशी त्यालाच ते नको वाटतं.

दुसरं, वेळेबद्दल. लोक म्हणतात, "बघू, तशी वेळ आली की करू." तशी वेळ येते तेव्हा दम लागलेला असतो, वेदनेच्या औषधांची गुंगी असते, आवाज खोल गेलेला असतो. व्हेंटिलेटरची नळी घशातून स्वरयंत्रामधून खाली जाते, त्यामुळे ती असताना बोलताच येत नाही. नातेवाईक माझ्याकडे फोन देऊन म्हणतात, "सिस्टर, दोन शब्द तरी घ्या." तेव्हा काय सांगू त्यांना? सर, तुम्ही तब्येत चांगली असताना विचारताय, याचा मला मनापासून आनंद झाला.

आणि आजारी माणसाचं करायचं असेल तर सकाळी, त्याला ताजंतवानं वाटेल तेव्हा, दहा-दहा मिनिटांचे तुकडे. एका बैठकीत सगळं उरकायचा अट्टहास नको.

कसब्यातली_लेक
माझं मत वेगळं आहे. इथे सगळे करा करा म्हणताहेत म्हणून लिहिणं भाग आहे.

माझ्या बाबांनी माझ्यासाठी व्हिडिओ ठेवला होता. प्रेमानंच ठेवला, त्याबद्दल मला शंका नाही. त्यात बराच वेळ ते माझ्या लहानपणाबद्दल बोलतात, आणि मग म्हणतात, "भावाला सांभाळ. घरात वाटणी मागू नकोस. आईला एकटं सोडू नकोस." जिवंत असते तर मी त्यांच्याशी भांडले असते. "बाबा, मला का सांगता, त्याला सांगा" म्हटलं असतं, ते थोडे चिडले असते आणि संध्याकाळी जेवताना विषय मिटला असता. गेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. मी तो व्हिडिओ एकदाच पाहिला. पुन्हा उघडायची हिंमत होत नाही, पुसायचीही होत नाही.

लग्नाच्या दिवशी उघड, पहिलं मूल झालं की उघड, असे निरोप ठेवणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. लग्न झालंच नाही तर? मूल नको असेल तर? ती न उघडलेली फाईल आयुष्यभर विचारत राहील, "अजून नाही?"

सर, नातीसाठी जरूर बोला. पण तिनं काय व्हावं ते सांगू नका. तुम्ही कोण होतात ते सांगा.

संध्यामठ_कट्टा
कसब्यातली_लेक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या मनातल्या यादीत "नातीनं भरपूर शिकावं" हे पहिलंच वाक्य होतं. ते काढलं. तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

बावडा_कोर्ट
लेकीच्या प्रतिसादात वाटणीचा उल्लेख आला म्हणून वकील या नात्यानं लिहितो. घर, शेत, सोनं, ठेवी यातलं काहीही या निरोपात बोलू नका. साध्या नागरिकाचं व्हिडिओतलं बोलणं हे मृत्युपत्र होत नाही. भारतीय वारसा कायदा १९२५च्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्र लेखी हवं, करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक शुल्कही लागत नाही. तरी नोंदवलेलं बरं. सही करतानाचं चित्रीकरण पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतं, पण ते कागदाच्या जोडीला, कागदाच्या जागी नव्हे.

होतं काय, कागदावर एक असतं आणि व्हिडिओत बाप भावनेनं दुसरंच बोलून गेलेला असतो. मग दोन भाऊ दोन गोष्टी घेऊन आमच्याकडे येतात. आता तर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात आलंय, पण म्हणून लेकरांना तिथवर चालत जायला लावू नका.

माजी_फौजी
वकीलसाहेब, "साध्या नागरिकाचं" हे शब्द तुम्ही मुद्दाम घातलेत हे कळलं! त्याच कायद्याच्या कलम ६५ आणि ६६ प्रमाणे प्रत्यक्ष युद्धात किंवा मोहिमेवर असलेल्या सैनिकाला तोंडी मृत्युपत्र करता येतं, दोन साक्षीदारांसमोर. आम्हाला युनिटमध्ये हे सांगितलं होतं.

मी शिरोळ तालुक्यातला, मराठा लाइट इन्फंट्रीचा. आमच्या भागात घराघरातून पोरं फौजेत जातात, तेव्हा हा विषय आमच्याकडे अभद्र मानत नाहीत. सीमेवर जाण्याआधी घरी पत्र लिहून ट्रंकेत ठेवायचं, हे आमच्यातल्या अनेकांनी केलं. मीही केलं. परत आलो तेव्हा बायकोनं ते पत्र मला परत दिलं नाही. म्हणाली, माझ्या नावाचं आहे, माझंच राहणार. अजून तिच्या कपाटात आहे आणि आमचं भांडण झालं की ती ते काढून वाचते. सर, जिवंतपणी दिलेल्या निरोपाचा असाही फायदा होतो.

सूनबाई_शिवाजी_पेठ
फौजीदादा, वहिनींना माझा नमस्कार सांगा!

शुक्रवार_गेट
एक फार महत्त्वाची गोष्ट अजून कोणी लिहिली नाही. आमच्या काकांनी निरोपाच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन इच्छा सांगितल्या होत्या. नेत्रदान करा आणि बाराव्याचं जेवण घालू नका, ते पैसे पंचगंगा स्मशानभूमीला शेणीसाठी, म्हणजे गोवऱ्यांसाठी, द्या. पाकिटावर लिहिलं होतं, "सगळं आटोपल्यावर ऐका." आम्ही आज्ञाधारकपणे सगळं आटोपल्यावर ऐकलं. रक्षाविसर्जन झालेलं, बारावं झालेलं, चारशे पानं उठलेली. नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं. काकू अजून त्याची हळहळ करतात. शेणी मात्र आम्ही नंतर दिल्या.

आपल्याकडे महापालिकेमार्फत अंत्यसंस्कार मोफत होतात आणि लोक होळीला शेणी दान करतात, त्याचा काकांना फार अभिमान होता, म्हणून ती इच्छा. तर नेत्रदान, देहदान, विधी कसे करायचे हे जिवंतपणी तोंडी सांगा आणि एका कागदावर लिहून सगळ्यांना दिसेल असं ठेवा. निरोपात नको.

शुश्रूषा
शुक्रवार_गेट, हे वाचून जीव कळवळला. त्यालाच जोडून एक सांगते. "मला नळ्या लावून ठेवू नका" हीसुद्धा निरोपात बोलायची गोष्ट नव्हे. त्यासाठी वैद्यकीय इच्छापत्र करता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, पूर्वीसारखं न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावं लागत नाही. त्याची प्रत घरच्यांकडे आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे असू द्या.

मोबाईल_मिस्त्री
माझं दुरुस्तीचं दुकान आहे. "दादा, फोन गेला तरी चालेल, पण बाबांचे आवाज काढून द्या" म्हणणारी माणसं येतात आणि प्रत्येक वेळी निघतातच असं नाही. म्हणून सांगतो.

पहिलं, रेकॉर्डिंग. पंखा बंद, फ्रीज लांब, फोन एअरप्लेन मोडवर. पत्र्याच्या किंवा मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. गाद्या-गोधड्यांची खोली उत्तम. फोन हातात न धरता पुस्तकांच्या चळतीवर डोळ्यांच्या उंचीला ठेवा. आधी एक मिनिट बोला, ऐकून बघा, मगच पुढे जा. बाहेर रिक्षा वाजली, कुकरची शिट्टी झाली तर थांबू नका, राहू द्या. ती घराचीच आहे.

दुसरं, जपणूक. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की दाबला जातो, दर्जा उतरतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नुसत्या पेनड्राइव्हवर विसंबू नका, कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिला तर त्यातलं कधीतरी जातं. तीन ठिकाणी प्रत ठेवा: घरी हार्ड डिस्कवर, मुलीकडे पुण्यात आणि ऑनलाइन. पंचगंगाकाठ यांनी सांगितलेला पूर विसरू नका.

तिसरं, कुलूप. फोनचा पासवर्ड माणसाबरोबर जातो. सिम बंद झालं की ओटीपी येत नाही. गूगलमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. तुम्ही ठरवाल तितके, म्हणजे ३, ६, १२ किंवा १८ महिने खातं वापरलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसांना कळतं आणि तुम्ही परवानगी दिलेली माहिती त्यांना मिळते. दहा जणांपर्यंत नावं देता येतात. आयफोनमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे, म्हणजे आपल्या पश्चात आपली माहिती बघायला नेमून ठेवलेला माणूस. आणि दोन वर्षं कोणी खातं उघडलंच नाही तर गूगल ते पुसू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

नवा_भिडू
आता एआयनं आवाजाची हुबेहूब नक्कल होते. एक तासाचं रेकॉर्डिंग ठेवलं की पुढे काहीही बोलून घेता येईल. नातीला आजोबा रोज गोष्ट सांगतील. मग एवढा विचार कशाला?

कसब्यातली_लेक
नको. कृपा करून नको. जे बाबा बोललेच नाहीत ते त्यांच्या आवाजात कोणी ऐकवलं तर मी घर सोडून जाईन.

घोटभर_चहा
सरसकट नको म्हणू नका. माझ्या वडिलांना तंबाखूनं घशाचा कॅन्सर झाला, स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात आम्ही त्यांचा आवाज घेऊन ठेवला. आमची नावं, "जेवलास का", "ये रे इकडं", हरिपाठ. नंतर ते हयात होते, पण आवाज नव्हता. पाटीवर लिहून बोलायचे आणि कधी कधी खूण करायचे, "ते लाव." आम्ही फोनवर ते लावायचो, ते स्वतःच ऐकत बसायचे. मोटर न्यूरॉन आजारात बोलणं जातं म्हणून रुग्णांचा आवाज आधीच साठवून त्यावरून यंत्राला बोलतं करतात. जिवंत माणसाला त्याचाच आवाज परत मिळत असेल तर मला ते पुण्याचं काम वाटतं. गेल्यावर त्याच्या नावानं बोलणं ही गोष्ट वेगळी, तिथे मी लेकीच्या बाजूनं आहे.

आणि तंबाखू सोडा रे पोरांनो.

जुनी_तबकडी
गंमत म्हणजे ही कल्पना आवाज साठवण्याच्या यंत्राइतकीच जुनी आहे. एडिसननं १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला आणि १८७८ मध्ये त्याच्या उपयोगांची यादी एका लेखात दिली. तीत घरातल्या माणसांचे बोल, त्यांच्या आठवणी आणि मरणासन्न माणसाचे अखेरचे शब्द जपून ठेवणं हाही उपयोग आहे. म्हणजे सर, तुम्हाला वाटलं ते माणसाला पहिल्यापासून वाटत आलंय.

आक्का_गंगावेश
मी ७१ वर्षांची आहे. लेक टाइप करून देतेय. सगळे यंत्राचं आणि कायद्याचं बोलले, वहिनी का उठून गेल्या ते कोणी बोललं नाही.

गुरुजी, तुम्ही म्हणता अभद्र वाटलं म्हणून त्या गेल्या. मला तसं वाटत नाही. तुम्ही बोलून मोकळे होणार आणि ऐकायला त्या मागे राहणार, असं तुम्ही न बोलता ठरवून टाकलंत. बाईला ते लागतं. आमचे हे मला म्हणायचे, "माझ्या पश्चात असं कर, तसं कर." मी एकदा म्हटलं, "आणि मी आधी गेले तर?" गप्प बसले. त्यांनी तो विचार कधी केलाच नव्हता.

वहिनींना विचारा, तुला काय सांगायचंय? आधी त्यांचं ऐका. तुमचं मागून.

गल्लीतला_पैलवान
आक्का, नाद खुळा. साष्टांग दंडवत.

संध्यामठ_कट्टा
मंडळी, आठवडाभर लिहिलं नाही, कारण घरी काम चालू होतं. आक्कांचा प्रतिसाद मी सौ.ना तसाच वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी स्वतःच म्हणाल्या, "आण तो फोन. पण निरोप-बिरोप म्हणायचं नाही."

मग गोधड्यांच्या खोलीत बसलो. प्रश्न मी विचारले. लग्नानंतर पहिल्यांदा कोल्हापुरात आलीस तेव्हा काय वाटलं, इथून सुरुवात केली. संसाराला इतकी वर्षं झाली, पण त्यांना माझी आई पहिल्या दिवशी काय म्हणाली हे मला त्या खोलीत कळलं. परवा त्यांनी मला प्रश्न विचारले. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, दिवाळीत येते, मग मीही विचारणार. मुलाला दोन फाईल पाठवून दिल्या. त्यानं रात्री ऐकल्या आणि लगेच फोन केला, तासभर बोललो. एरवी आमचं बोलणं दहा मिनिटांत संपतं.

तर माझ्या प्रश्नांवर आमचं ठरलं ते असं. नातीसाठी व्हिडिओ, कारण तिला चेहरा हवा. बाकीच्यांसाठी आवाज पुरे, कारण कॅमेरा दिसला की सौ. पदर सारखा करत बसतात. प्रत्येकाशी वेगळं बोलायचं आणि झालेलं लगेच ऐकवायचं. फक्त एक छोटी फाईल मी सौ.साठी मागे ठेवणार आहे आणि त्यांनी माझ्यासाठी एक. त्यात काय आहे ते एकमेकांना विचारायचं नाही. मृत्युपत्रासाठी वकिलांकडे वेळ घेतली आहे आणि नेत्रदानाचा कागद फ्रीजवर लावला आहे.

कसब्यातली_लेक
फ्रीजवरचा कागद वाचून बरं वाटलं. सर, एक विनंती. मुलीसाठीच्या फाईलमध्ये कुठेतरी एवढं म्हणा, "तुला पटेल ते कर." बस.

संध्यामठ_कट्टा
म्हणतो, बाळ. उद्याच म्हणतो.

गल्लीतला_पैलवान
शुश्रूषाताई, ते प्रश्न मराठीत मिळतील काय? आज्जी ८५ची हाय, तिचं तरी घ्यावं म्हणतो.

शुश्रूषा
माझ्या भाषेत देते, जमतील तसे विचारा. आयुष्यातला कुठला काळ सगळ्यात जास्त आठवतो? कधी सगळ्यात जिवंत वाटलं? कुठल्या कामाचा अभिमान वाटतो? घरच्यांना तुमच्याबद्दल काय माहीत असावं, लक्षात राहावं असं वाटतं? कोणाला काही सांगायचं राहिलंय का, किंवा पुन्हा एकदा सांगावंसं वाटतंय का? आयुष्यानं काय शिकवलं? त्यांच्यासाठी मनात काय आशा आहे? एका दिवशी दोनच घ्या. उत्तर आलं नाही तर गप्प बसा, घाईनं पुढचा प्रश्न टाकू नका. आणि आज्जी रडल्या तर फोन बंद करू का, असं त्यांनाच विचारा.

गल्लीतला_पैलवान
रविवारी बसतो. पण ती पहिलं इचारणार, "कशाला रं हे?" काय सांगू?

सूनबाई_शिवाजी_पेठ
चटणीचं प्रमाण लिहून घ्यायचंय म्हणून सांगा. पुढचं त्याच बोलतील.